अमेरिकेतील व्यावसायिक क्रीडासंघटना आणि कायदेशीर पैजा : स्वामित्वाचा एक वाद

अमेरिकेतील व्यावसायिक खेळांचा इतिहास सांगताना पैजेचा उल्लेख बहुधा एक बाह्य संकट म्हणून केला जातो. खेळ मूळचा निर्मळ; जुगारी मंडळींनी त्यात शिरकाव केला; आणि क्रीडासंघटनांनी कठोर शासन करून त्याचे पावित्र्य राखले, अशी ही कथा आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि गेल्या दीडशे वर्षांतील नियम, खटले आणि करार कालक्रमाने लावून पाहिले, तर पावित्र्याच्या प्रश्नाइतकाच, किंबहुना काही प्रसंगी त्याहूनही तीव्र, असा एक दुसरा प्रश्न त्यांतून वर येतो. सामन्याच्या अनिश्चिततेवर मालकी कोणाची? पैजेला खरी किंमत आणणारी वस्तू ही अनिश्चितताच होय. आणि ती निर्माण करण्याचा खर्च आपण करतो, अशी क्रीडासंघटनांची धारणा आहे.

1876 च्या फेब्रुवारीत विल्यम हल्बर्ट ह्याच्या पुढाकाराने बेसबॉलची नॅशनल लीग स्थापन झाली. मैदानावर पैजा लावण्यास तिने बंदी केली. ह्या बंदीमागे नीतिमत्ता होती तसा हिशेबही होता. तिकीट काढून येणाऱ्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला आपण पाहत असलेला सामना खरा आहे, असा भरवसा हवा होता. पुढच्याच वर्षी लुईव्हिल ग्रेज ह्या संघाने अग्रस्थानी असताना एकाएकी सामने गमावण्यास आरंभ केला. संघाच्या चालकांनी खेळाडूंच्या नावे आलेल्या तारा उघडून पाहण्याची संमती मागितली. त्या तारांवरून जुगाऱ्यांशी असलेले संधान उघडकीस आले आणि चार खेळाडूंना कायमचे बाद करण्यात आले. त्यांपैकी बिल क्रेव्हर ह्याच्यावर पैसे घेतल्याचे सिद्ध झाले नव्हते. आपल्या तारा दाखविण्यास त्याने नकार दिला, एवढाच त्याचा उघड अपराध. संघाचा गोलंदाज जिम डेव्हलिन क्षमेची याचना करीत राहिला. ती त्याला कधीही मिळाली नाही. पुढे तो फिलाडेल्फियात पोलीस शिपाई झाला आणि 1883 मध्ये क्षयाने वारला.

1919 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी सिनसिनाटीकडून पैशासाठी पराभव पत्करल्याचे प्रकरण सुपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे नको. ध्यानात घेण्याजोगी बाब एकच आहे. 2 ऑगस्ट 1921 रोजी ज्यूरीने आरोपींना निर्दोष ठरविले. आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे कमिशनर, तेव्हा न्यायाधीशपदावरही असलेले, केनेसॉ माउंटन लँडिस ह्यांनी आठही खेळाडूंना कायमचे बाद केल्याचे जाहीर केले. बक वीव्हर ह्याने पैसे घेतल्याचा पुरावा नव्हता. कट ठाऊक असूनही तो बोलला नाही, हे लँडिस ह्यांना पुरेसे वाटले. न्यायालयाच्या निर्णयाहून वरचढ असे एक खासगी दंडशासन येथे उभे राहिले. ह्या खेळाडूंना करारातील राखीव कलमामुळे अधिक वेतन देणाऱ्या दुसऱ्या संघाकडे जाण्याची मोकळीक नव्हती, हेही विसरता येत नाही. ज्या संघटनेने त्यांना बांधून ठेवले होते तिनेच त्यांचा न्याय केला.

संघमालकांना मात्र पैजेचा असा विटाळ नव्हता. फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये 1925 साली न्यूयॉर्क जायंट्स हा संघ आणणारा टिम मारा घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणारा बुकी होता, आणि 1933 साली पिट्सबर्गचा संघ काढणारा आर्ट रूनी शर्यतींचा नामांकित शौकीन. ह्याच लीगचे कमिशनर पीट रोझेल ह्यांनी 1963 च्या एप्रिलमध्ये पॉल हॉर्नंग आणि अ‍ॅलेक्स कॅरस ह्या दोन नामवंत खेळाडूंना अनिश्चित काळासाठी निलंबित केले. त्यांनी पैजा लावल्या होत्या. स्वतःच्या संघाविरुद्ध मात्र लावल्या नव्हत्या. त्याच वर्षी बॉल्टिमोर संघाचे मालक कॅरल रोझेनब्लूम ह्यांच्यावरही पैजा लावल्याचा आरोप आला. चौकशीअंती रोझेल ह्यांनी त्यांना दोषमुक्त ठरविले. दोन्ही निर्णय आपापल्या पुराव्याच्या आधारे योग्य असू शकतील. पण शासनाचा भार एकाच बाजूला पडत गेला, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही.

इतका काळ क्रीडासंघटनांना लढावे लागले ते बेकायदेशीर पैजेशी. नेव्हाडाने 1931 साली जुगार कायदेशीर केला होता. परंतु ते दूरचे, वाळवंटी आणि अपवादभूत राज्य होते. बेकायदेशीर पैज ही एका अर्थाने सोयीची होती. तिचा निषेध करता येत होता, तिचे अस्तित्व नाकारता येत होते, आणि तिच्यामुळे वाढणाऱ्या प्रेक्षकांच्या औत्सुक्याचा लाभही निमूटपणे पदरात पडत होता. जखमी खेळाडूंची यादी सामन्याआधी प्रसिद्ध करण्याची फुटबॉलमधील प्रथा पाहावी. आतली बातमी काही मोजक्या जुगाऱ्यांच्याच हाती राहू नये हा तिचा हेतू. परंतु ती यादी सर्वांत बारकाईने वाचणारा वाचक कोण, हे सांगावयास नको.

ही सोय मोडली ती एका लहानशा राज्याने. 1976 साली डेलावेअरने फुटबॉल सामन्यांच्या निकालांवर आधारलेली सरकारी सोडत सुरू केली. आता पैज घेणारा गल्लीतील बुकी नव्हता. स्वतः शासन होते. नॅशनल फुटबॉल लीगने संघीय न्यायालयात धाव घेतली. तिच्या युक्तिवादात दोन धागे एकत्र गुंफलेले होते. पहिला प्रतिष्ठेचा : आमचे नाव जुगाराशी बळेच जोडले जात आहे. दुसरा स्वामित्वाचा : आम्ही श्रमाने आणि द्रव्याने उभारलेल्या लोकप्रियतेवर राज्य फुकटचा नफा मिळवीत आहे. 1977 मध्ये न्यायाधीश स्टेपलटन ह्यांनी दुसरा धागा जवळजवळ तोडूनच टाकला. सामन्यांचे वेळापत्रक आणि निकाल लीगने स्वतःच जगजाहीर केलेले आहेत. ते वापरणे ही चोरी नव्हे. लीग नसती तर हा नफा झाला नसता हे खरे, पण प्रेक्षकांना मैदानावर नेणाऱ्या बसकंपन्या आणि दाराशी लाह्या विकणारा फेरीवाला ह्यांच्या मिळकतीहून तो निराळा कसा मानावा, असे त्यांनी विचारले. ह्या सोडतीशी लीगचा संबंध नाही असे स्पष्ट निवेदन तिकिटावर छापावे, एवढाच दिलासा लीगच्या वाट्याला आला.

ह्या निर्णयाचे महत्त्व अभ्यासकांनी पुरेसे ओळखलेले दिसत नाही. भारतीय वाचकाला येथे 1957 च्या मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला ह्या निवाड्याचे स्मरण होईल. त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे, अशी भूमिका घेतली. डेलावेअरमध्ये प्रश्न नेमका उलट्या टोकाने विचारला गेला : जुगार हा व्यापार मानलाच, तर त्याचा कच्चा माल कोणाचा? आणि उत्तर मिळाले की तो कोणाच्याच मालकीचा नाही.

न्यायालयात जे मिळाले नाही ते क्रीडासंघटनांनी पंधरा वर्षांनी कायदेमंडळात मिळविले. 1992 च्या संघीय कायद्याने राज्यांना क्रीडापैजेस परवानगी देण्याची मनाई केली. नेव्हाडासह ज्या मोजक्या राज्यांत पूर्वीपासून काही प्रकार चालू होते त्यांना सूट दिली. कायद्याचा प्रमुख पुरस्कर्ता होता सिनेटर बिल ब्रॅडली, स्वतः न्यूयॉर्क निक्सचा माजी बास्केटबॉलपटू. मनाईच्या कलमाची चर्चा पुष्कळ झाली. त्याहून अर्थपूर्ण असे कलम वेगळेच आहे. कायदा मोडणाऱ्या राज्यावर दावा लावण्याचा अधिकार संघीय महान्यायाभिकर्त्यास होता. तसाच तो ज्यांच्या सामन्यांवर पैजा लागतील त्या क्रीडासंघटनांनाही होता. एका खासगी संस्थेच्या हाती सार्वभौम राज्यास रोखण्याचे शस्त्र आले. मालकी हा शब्द कायद्यात नव्हता; नकाराधिकार होता, आणि नकाराधिकार ही मालकीची अर्धी बाजू होय.

ह्या काळातील शिस्तीचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. विली मेज ह्यांना 1979 साली आणि मिकी मँटल ह्यांना 1983 साली बेसबॉलपासून दूर करण्यात आले ते केवळ अटलांटिक सिटीतील कॅसिनोंची नोकरी पत्करल्याबद्दल. दोघेही निवृत्त झालेले, आणि ती नोकरी पूर्णतः कायदेशीर. 1985 मध्ये नव्या कमिशनरांनी ही बंदी उठविली. 1989 साली पीट रोझ ह्याला कायमचे बाद केले गेले. त्याची बाब वेगळी होती, कारण तो व्यवस्थापक असताना स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावीत असे. 2024 च्या सप्टेंबरात तो मरण पावला, आणि 2025 च्या मे महिन्यात बेसबॉलने असा निर्णय दिला की कायमची अपात्रता मृत्यूबरोबर संपते. 1919 च्या प्रकरणातील जो जॅक्सनलाही ही क्षमा मिळाली. त्याचे निधन होऊन तेव्हा 73 वर्षे लोटली होती.

न्यू जर्सीने, म्हणजे ब्रॅडलीच्याच राज्याने, 2012 मध्ये संघीय कायद्याला आव्हान दिले. क्रीडासंघटनांनी एकजुटीने दावा लावला. पैजा कायदेशीर झाल्यास खेळाची प्रामाणिकता धोक्यात येईल, हे त्यांचे म्हणणे. मात्र खटला चालू असतानाच, 2014 च्या नोव्हेंबरात, बास्केटबॉलचे कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर ह्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून संघीय देखरेखीखाली पैजा कायदेशीर कराव्यात असे प्रतिपादन केले. एकच संस्था न्यायालयात एक आणि वृत्तपत्रात दुसरे बोलत होती. ह्याला दांभिकता म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वास्तविक दोन्ही भूमिकांत एक सुसंगती होती : पैज नको असे नव्हे, तर आमच्या अटींवाचून नको.

14 मे 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1992 चा कायदा रद्द केला. निर्णयाचा आधार जुगाराच्या गुणदोषांचा नव्हता. राज्यांच्या कायदेमंडळांना आज्ञा करण्याचा अधिकार संघसरकारला नाही, हा होता. त्याच्या चारच महिने आधी, जानेवारीत, बास्केटबॉल संघटनेने न्यूयॉर्कच्या सिनेटसमोर मागणी मांडली होती की लागणाऱ्या एकूण रकमेच्या 1 टक्का रक्कम खेळाच्या प्रामाणिकतेचे शुल्क म्हणून मिळावी. हा आकडा दिसतो तितका लहान नाही. पैजा घेणाऱ्याजवळ बक्षिसे वाटून साधारणतः शेकडा पाचच उरतात. म्हणजे त्याच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मागितला जात होता. राज्यांनी ही मागणी मान्य केली नाही. डेलावेअरमधील फेरीवाल्याचा दृष्टांत जणू अजून जिवंत होता.

मग मार्ग बदलला. निकालावर मालकी सांगता येत नसेल, तर निकाल कळविण्याच्या वेगावर सांगावी. सामना चालू असताना क्षणाक्षणाला लागणाऱ्या पैजांसाठी मैदानावरील माहिती तत्काळ लागते. टेनेसीने 2019 च्या कायद्यात अशा पैजांसाठी क्रीडासंघटनेचीच अधिकृत माहिती वापरावी अशी तरतूद केली, आणि इलिनॉयनेही तोच मार्ग धरला. 2018 च्या जुलैत बास्केटबॉल संघटनेने एमजीएम ह्या कॅसिनोकंपनीशी करार केला. सर्वांत कडवा विरोध करणाऱ्या फुटबॉल लीगने 2021 मध्ये पैजा घेणाऱ्या तीन कंपन्यांना अधिकृत भागीदार केले. शिवाय त्याच वर्षी, सामन्यांची माहिती पैजकंपन्यांना पुरविणाऱ्या जीनिअस स्पोर्ट्स ह्या कंपनीच्या भागभांडवलातच वाटा घेतला.

खेळाडूंसाठी नियम होते तेच राहिले. कॅल्व्हिन रिडली ह्या फुटबॉलपटूने संघापासून दूर असताना सुमारे 1500 डॉलरच्या पैजा लावल्या. 2022 च्या संपूर्ण हंगामासाठी तो निलंबित झाला आणि एक कोटी डॉलरहून अधिक वेतनाला मुकला. नियम आवश्यक नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या मैदानावर तो खेळत होता त्याच खेळाच्या प्रक्षेपणात पैजेच्या जाहिराती लीगच्या संमतीने चालू होत्या.

टोरांटोच्या बास्केटबॉल संघातील जॉन्टे पोर्टर ह्याचे प्रकरण अधिक बोलके आहे. 1919 मध्ये निकाल फिरवावयास आठ माणसे गुंतली होती. पोर्टरला निकाल फिरवावा लागलाच नाही. एका खेळाडूच्या वैयक्तिक गुणसंख्येवर पैज लावता येत असल्याने, दुखापतीचे वा आजाराचे निमित्त सांगून मैदान लवकर सोडणे पुरेसे होते. स्वतः जुगाराच्या कर्जात बुडालेल्या ह्या दुय्यम खेळाडूने 2024 च्या आरंभी दोन सामन्यांत तसे केले. एप्रिलमध्ये त्याला आजन्म बाद करण्यात आले, आणि जुलैमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याच्या वागण्यातील विसंगती परवानाधारक पैजकंपन्यांच्या नोंदींतून उघड झाली, हे कायदेशीर पैजेच्या बाजूने सांगितले जाते, आणि ते खरे आहे. मात्र अशा किरकोळ पैजेची वस्तू बाजारात मांडण्याची संधीही त्याच व्यवस्थेने दिली होती.

2025 च्या नोव्हेंबरात क्लीव्हलंडच्या दोन बेसबॉल गोलंदाजांवर एकेका चेंडूचा वेग आणि दिशा आधी ठरवून टाकल्याचे आरोपपत्र दाखल झाले. त्यावर बेसबॉल संघटनेने आपल्या भागीदार पैजकंपन्यांशी बोलणे करून एका चेंडूवरील पैजेची कमाल मर्यादा 200 डॉलर ठरविली. एका चेंडूवर पैज घेणे मात्र चालूच ठेवण्यात आले.