खाचरातला विळा आणि रक्तातला विळा

पालघर सोडून गाडी उमरोळीच्या दिशेने निघाली की रुळांच्या कडेने भातखाचरे लागतात. दिवाळीच्या सुमारास ती पिकून पिवळी झालेली असतात आणि त्यांत बायका ओणव्या होऊन कापणी करीत असतात. प्रत्येकीच्या हातात विळा. आपल्या फराळाच्या ताटातले पोहे ह्याच विळ्याखालून आलेले असतात, हे ताटावर बसल्यावर कोणाच्या ध्यानात येत नाही. ह्या ओळखीच्या हत्याराचे नाव एका आजाराला मिळाले आहे. त्या आजाराची आणि खाचरातल्या त्या बाईची गाठ पडायला मात्र पुष्कळ वर्षे लागली.

नाव आले ते फार दूरवरून. 1904 साली ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोला आलेला वॉल्टर नोएल नावाचा एक तरुण खोकला, ताप आणि अशक्तपणा घेऊन तेथील रुग्णालयात दाखल झाला. त्याचा रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा वाटोळ्या तांबड्या पेशींच्या जोडीला लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्या प्रथम पाहिल्या आयर्न्स ह्या हाताखालच्या तरुण डॉक्टराने. 1910 साली निबंध प्रसिद्ध केला तो वरिष्ठ डॉ. हेरिक ह्यांनी, आणि इतिहासात नाव राहिले ते हेरिक ह्यांचे. असो. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात. म्हणून हा सिकलसेल.

पेशी वाकते कशी, हे कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि शरीरभर पोचवते. सिकलचे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून रिकामे झाले की त्याचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या ताठर काड्या बनतात आणि त्या काड्या पेशीला आतून ताणून वाकडी करतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, सांधे, पोट असे दुखते की धडधाकट गडीही तळमळत पडावा. शिवाय निरोगी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, ही काही आठवड्यांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कायमच कमी. 1949 साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष मुळात हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे.

हा दोष आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक. तो नांगर धरतो, ओझी वाहतो आणि बहुधा आपण वाहक आहोत हे न कळताच म्हातारा होतो. दोघांकडून आला तर आजार. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणाला चारांत एक धोका, आणि तो दर वेळी नव्याने. पहिले मूल दुखणाईत निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब येथे चालत नाही. तसा हिशेब मांडणारी शिकलेली माणसेही मी पाहिली आहेत.

मग असा घातक वारसा पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? 1954 साली अँथनी ॲलिसन ह्यांनी आफ्रिकेतील पाहणीवरून उत्तर दिले: वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. जेथे हिवताप दर पावसाळ्यात पोरे उचलून नेत असे, तेथे हा एकपदरी विळा राखणदार ठरला. आमच्या ठाणे जिल्ह्याची जुनी जंगलपट्टी हिवतापासाठी बदनामच होती. तेव्हा हा दोष म्हणजे पूर्वजांचे पाप नव्हे; पूर्वज जगले ह्याची ती खूण आहे.

हिंदुस्थानात सिकलचा शोध 1952 साली लागला. लेहमन आणि कटबुश ह्यांना तो निलगिरीच्या आदिवासींत आढळला. 1956 साली सुकुमारन, संघवी आणि व्यास ह्यांनी पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी ह्यांनी मध्य भारतातील नोंद जगापुढे ठेवली. ही कामगिरी लहान नव्हे. परंतु त्या काळच्या अभ्यासकांचे कुतूहल मुख्यत्वे जमातींच्या कुळकथेविषयी होते: हे लोक मूळचे कोठले, आफ्रिकेशी ह्यांचे काही नाते आहे काय? रक्त गावात घेतले जाई आणि उत्तर परिषदेत दिले जाई. कोष्टकात जमातीचे नाव असे, शेकडा प्रमाण असे. बाईचे नाव नसे. गंमत अशी की त्या कुळकथेचेही उत्तर पुढे बदलले. 1980 नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी सुचविले की भारतातला आणि पूर्व अरबस्तानातला सिकल आफ्रिकेतून आलेला नसून तो स्वतंत्रपणे उपजला असावा.

महाराष्ट्र सरकारचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला 2008 साली. 1956 पासून मोजले तर बावन्न वर्षे. तेवढ्यात एखाद्या वारली घरात आजी, आई आणि नात अशा तीन बाळंतपणांच्या पिढ्या होऊन जातात. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे.

तपासणी साधी आहे. पूर्वी थेंब काचपट्टीवर हवाबंद करून पेशी वाकण्याची तासन् तास वाट पाहावी लागे. आता बोटातला थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा आखलेला कागद धरतात. काही मिनिटांत रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. पण एकपदरी की दुपदरी, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी रक्त मोठ्या यंत्रावर तपासावे लागते. आणि बाई वाहक निघाली तर नवऱ्याचे रक्त पाहिल्यावाचून बाळाविषयी काहीच सांगता येत नाही.

गरोदरपणीच ही तपासणी कशाला, लग्नाआधी का नको, असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न शहाणपणाचा आहे, पण तो पत्रिका जुळवणाऱ्या घरातला आहे. वारल्यांत लग्न लावते धवलेरी, आणि लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून कितीतरी जोडपी आधी संसार मांडतात व लग्न सवडीने, कधी मुले झाल्यावर लावतात. तेथे ‘लग्नाआधी’ म्हणजे नेमके केव्हा? आश्रमशाळेत तपासणी व्हावी हे खरेच. परंतु शाळा लवकर सुटलेल्या मुलीला आरोग्यखात्याचे दार पहिल्यांदा उघडते ते बहुधा पोटात मूल आल्यावरच. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी करण्याचे अभियान 2016 पासून आहे. आशाताईने हाताला धरून आणलेली बाई तेथे येते. तिचे वजन होते, रक्तदाब होतो, त्याच वेळी एक थेंब अधिक.

बाई स्वतःच दुपदरी निघाली तर तिला दोन जिवांची जोखीम असते: रक्त आणखी उतरते, दुखण्याचे झटके वाढतात, मूल अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे होण्याची भीती. ती आधी कळली तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात ठरवता येते. वाहक असेल तर वेळेचा प्रश्न येतो. 1978 साली कान आणि डोझी ह्यांनी गर्भाच्या जनुकावरून सिकल ओळखता येतो हे दाखवले. वारेचा बारीक अंश घेऊन ही परीक्षा दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास होते. गर्भलिंगतपासणीविरुद्ध महाराष्ट्राने 1988 साली आणि केंद्राने 1994 साली कायदा केला; केंद्राच्या कायद्याने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भपरीक्षेची वाट उघडी ठेवली आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील रक्तविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत अशा परीक्षेचे ज्ञान आहे. उमरोळीहून परळ शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. डहाणूपर्यंत लोकल 2013 पासून धावते. पण एका बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा बुडालेला रोज त्या अंतरात धरलेला नसतो.

पुढे काय करायचे हे त्या दोघांनी ठरवावे. मला स्वतःला ह्या तपासणीचा मोठा लाभ वाटतो तो मूल जन्माला येऊ देणाऱ्यांसाठी. मूल दुपदरी आहे हे जन्मतःच कळले तर जंतुसंसर्ग टाळण्याची औषधे, लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया वेळेवर मिळतात. नाहीतर पहिल्या तापातच ते दगावायचे आणि कारण कोणालाच कळायचे नाही.

एक धोका मात्र औषधाने जाणारा नाही. अमेरिकेत 1970 नंतर सिकलच्या तपासण्यांचा सपाटा लागला, काही राज्यांनी तर सक्ती केली. आणि समजावून सांगणे मागे पडल्यामुळे धडधाकट वाहकांनाच रोगी समजून नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. आमच्याकडे नोकरीपेक्षा सासर जवळ. थेंब सुनेचा घेतला, म्हणून खोट सुनेतच, असे म्हणायला कितीसा वेळ? बाळ दुपदरी व्हायला बापाचाही पदर लागतो, हे वाक्य सासूसमोर आणि नवऱ्यासमोर बोलले गेले पाहिजे, नुसते कार्डावर लिहून भागत नाही.

आणि नवरा भेटला पाहिजे. कापणी-झोडणी आटोपली की ह्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात; पावसाच्या तोंडावर परततात. दिवाळीत दोन महिन्यांची गरोदर असलेली बाई परत येते तेव्हा तिचे दिवस भरत आलेले असतात. म्हणून तिच्या नळीमागच्या रेघा पुसट झाल्या असतील तर नवऱ्याचा थेंब भाऊबिजेच्या आत घ्यायला हवा. त्या दिवसांत तो उमरोळीच्या खाचरातच सापडतो, तिच्याच शेजारी, विळा घेऊन.