सोडियम पंपाचं माहेर

सोडियम पंपाची गोष्ट पाठ्यपुस्तकांत खेकड्यापासून सुरू होते. डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठात येन्स स्काउ यांना खेकड्यांच्या पायातल्या चेतातंतूंमध्ये, पेशीच्या पटलात रुतलेलं आणि ऊर्जेसाठी एटीपी फोडणारं एक विकर सापडलं. निबंध छापला 1957 मध्ये, नोबेल मिळालं 1997 मध्ये. तरीही माझं ठाम मत आहे की या विकराचं माहेर तांबड्या रक्तपेशीतच.

1941 मध्येच दिसलं होतं की थंडीत साठवलेल्या रक्तपेशींमधून पोटॅशियम झिरपून जातं आणि ग्लुकोजसह ऊब मिळाली की ते पुन्हा आत शिरतं, तेही कमी प्रमाणाकडून जास्तीकडे. ऊर्जा खर्चल्याशिवाय हे होत नाही. 1953 मध्ये हान्स शाट्समान यांनी दाखवलं की डिजिटॅलिसच्या जातीची हृदयाची औषधं रक्तपेशीतली ही ने-आण थोपवतात. (आपल्या कण्हेरीचं विषही इथेच घाव घालतं.) रॉबर्ट पोस्ट यांनी हिशेबही मांडला: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत.

स्काउ मात्र पंप शोधतच नव्हते. जागा बधिर करणारी औषधं काम कशी करतात, हा त्यांचा प्रश्न होता. निबंधाच्या शीर्षकातही पंपाचा उल्लेख नाही. 1958 मध्ये व्हिएन्नाच्या जीवरसायन परिषदेत त्यांची पोस्ट यांच्याशी गाठ पडली. पोस्ट यांनी विचारलं, हे विकर ओवाबेनने थांबतं का? पूर्व आफ्रिकेत बाणांना लावत त्या विषातलं, डिजिटॅलिसच्याच जातीचं हे द्रव्य स्काउंना माहीतच नव्हतं. त्यांनी ऑर्हूसला फोन करून प्रयोग करायला सांगितला. विकर थांबलं, म्हणजे पंप तोच!

विकर हाती लागलं ते स्काउंच्याच, असं खेकड्याचे पक्षपाती म्हणतील. मान्य. पण ते काय आहे, हे ओळखण्याची कसोटी रक्तपेशींवरच्या कामातून आली.

आता वाद आहे तो हा पंप पेशीत संदेश कसा पोहोचवतो याचा. ओवाबेन बसलं की हे विकर शेजारच्या सार्क नावाच्या विकराला थेट जागं करतं, असं एक गट मानतो. दुसऱ्या गटाच्या मते पेशीतलं सोडियम-कॅल्शियम बदलतं, तोच संदेश. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण निवाडा तांबड्या पेशीतच व्हावा असं मला वाटतं. परिपक्व पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे जनुकांची ढवळाढवळ तिथे आपोआप बाद होते.