कोंडवाड्याबाहेरची कोंबडी

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजाचा कारभार ग्रामपंचायत पाहते, तर खुद्द मालेगावचा नगर पंचायत. किन्हीराजात परसात आठ-दहा गावरान कोंबड्या पाळणारा माणूस शासनाच्या लेखी शेतीला जोडधंदा करत असतो. तोच माणूस त्याच कोंबड्या घेऊन मालेगावात राहायला गेला, की त्याच्याकडे पाहण्याची कायद्याची नजर बदलते. तिथे कोंबडी उत्पन्नाची बाब राहत नाही, उपद्रवाची होते. कोंबडी बदललेली नसते. बदलते ती हद्द. याचे कारण नियमांच्या कुळीत सापडते. परसातल्या मूठभर कोंबड्यांसाठी म्हणून विचार करून केलेला नियम आपल्याकडे जवळजवळ नाहीच. तिला लागू होतात ते नियम मुळात डुकरासाठी, गुरांसाठी आणि अलीकडे मोठ्या पोल्ट्रीसाठी झाले.

गावातल्या कोंबडीवरचा आक्षेप मात्र फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना निषिद्ध असलेल्या खाद्यांत गावडुक्कर आणि गावकोंबडा एकाच श्लोकात येतात. निषेध नेमका गावातल्या कोंबड्याचा आहे, त्यावरून उकिरड्यावर चरणे हे त्यामागचे कारण असावे असा तर्क करता येतो. पण हे बंधन खाणाऱ्यावर होते, पाळणाऱ्यावर नव्हते. इंग्रजी अमलात मोकाट जनावरांसाठी १८७१ चा कायदा झाला आणि गावोगावचे कोंडवाडे त्याच्या आधारावर चालू लागले. त्यातल्या गुरांच्या व्याख्येत हत्ती, उंट, म्हैस, घोडा, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी असे सगळे आहेत, कोंबडी नाही. कायद्याची मुख्य काळजी उभ्या पिकाची होती. म्हैस एका रात्रीत शेत लोळवते. कोंबडीची मजल शेजारच्या वाळवणापर्यंत. तिचा तंटा त्यामुळे दारातच मिटवायचा राहिला.

शहराने वेगळी वाट धरली. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचे ३८४ वे कलम या बाबतीत वाचण्यासारखे आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर पाळायचे नाही. कोणताही प्राणी लोकांना उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने ठेवायचा नाही. आणि ज्याचे दूध किंवा मांस माणसाच्या पोटात जाणार त्या प्राण्याला घाणीवर पोसायचे नाही. म्हणजे डुकराला परवाना आणि बाकीच्यांना वागणुकीची अट. कोंबडी पाळावी की नाही, हा प्रश्न दाट वस्तीच्या मुंबईतही या कलमाने विचारला नाही; कशी पाळावी एवढेच विचारले. पुढच्या काळात शहरी मनाने ही अट विसरून तिला बंदी समजायला सुरुवात केली, असे मला वाटते.

किन्हीराजा वऱ्हाडातले. इथल्या शहरांना आधी १९२२ चा मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायदा होता, नंतर १९६५ चा राज्याचा नगरपरिषद अधिनियम आला. गावांसाठी १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम झाला आणि त्याने पशुधनाची निगा हे पंचायतीचे काम मानले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने हा फरक राज्यघटनेतच नेला. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाबरोबर कुक्कुटपालन नाव घेऊन लिहिले आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत कोंडवाडे आहेत, प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध आहे, कत्तलखान्यांचे नियमन आहे, कुक्कुटपालन नाही. शहराच्या यादीत कोंबडीला जागा उरली ती कत्तलखान्यापाशी. इकडे गावांसाठी मात्र सरकारच पिल्ले पुरवत आले. खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथली मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे त्यासाठीच आहेत, आणि गिरिराज, वनराज या जाती परसात वाढाव्यात म्हणूनच तयार झाल्या.

तिसरा प्रवाह रोगाच्या भीतीचा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो पक्षी मारावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो वाशीम जिल्ह्यातच, कारंजा तालुक्यातल्या खेर्ड्यात आला. आता रोगाच्या ठिकाणापासून १ किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात. त्यात परसातली कोंबडीही सुटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पोल्ट्रीसाठी निवासी वस्तीपासून ५०० मीटर अंतराची मार्गदर्शिका केली. पण तिच्या लेखी लहान पोल्ट्रीच मुळी ५,००० पक्ष्यांपासून सुरू होते. तो मापदंड आठ-दहा कोंबड्यांच्या खुराड्याला लावला तर गावठाणात कोंबडीच उरणार नाही.

यावर खरा आक्षेप असा की परसातल्या मोकळ्या कोंबड्यांत जंगली पक्षी सहज मिसळतात आणि त्या माणसांच्या पायांत वावरतात, म्हणून धोका त्यांच्यातच जास्त. धोका आहे, हे मान्यच करायला हवे. पण बंदीने तो कमी होत नाही. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याने आजारी जनावराची वर्दी ग्रामपंचायतीला देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे; सारी यंत्रणा त्या पहिल्या वर्दीवर उभी आहे. ज्याने कोंबड्या चोरून पाळल्या, तो त्या मेल्याची वर्दी कशाला देईल? कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही, तसा रोगही थांबत नाही. दुसरी तक्रार पहाटेच्या आरवण्याची. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, तो लागतो पिलांसाठी; दाट आळीत कोंबडा नको म्हटल्याने कोणाची अंडी बुडत नाहीत. शेजारी शाकाहारी आहे, ही हरकत मात्र नियमात येऊ नये. नियमाने दुर्गंधी, माश्या आणि घाण मोजावी, शेजाऱ्याचे ताट नव्हे. आणि ग्रामपंचायतीकडे माणसे कुठे आहेत, असे विचारणाऱ्यांना उत्तर एवढेच की सगळ्या कोंबड्या मोजायच्या नाहीत, तक्रार आली तर ती कशावर तपासायची हे आधी ठरवायचे आहे.

किन्हीराजासारखी महामार्गालगतची गावे वाढत आहेत. घरे भिंतीला भिंत लावून उभी राहतील आणि एक दिवस नगर पंचायतीचा फलकही लागेल. तेव्हा कुठल्या तरी दूरच्या शहराचा नियम जसाच्या तसा उचलला जाईल. त्याआधीच ग्रामसभेने आपला ठराव करावा. खुराडे रात्री बंद आणि शेजारच्या भिंतीपासून दूर असावे, विष्ठा रोज उचलून खतात जावी, दाट आळीत कोंबडा नसावा, एका घरी किती पक्षी ते गावाने ठरवावे, आणि दोन-चार पक्षी एकदम मेले तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. ठराव म्हणजे कायदा नव्हे; पण उद्या कायदा लिहिणाऱ्यासमोर गावाचे मत कागदावर असेल. पाळू नका म्हणणारा नियम लिहायला एक ओळ पुरते. कसे पाळा हे सांगणारा नियम लिहायला गावाला एकत्र बसावे लागते, आणि तोच टिकतो.