बोल्स्टर, सुरीचा

बोल्स्टर, सुरीचा : सुरीचे पाते जेथे संपते व मूठ जेथे सुरू होते, त्या सांध्यावरील धातूचा जाड भाग. तो पात्याबरोबरच घडविलेला असतो (अखंड बोल्स्टर) किंवा वेगळा तयार करून रिव्हेट, डाख अथवा चिकटद्रव्य यांच्या साहाय्याने बसविलेला असतो. मुठीच्या तोंडावर येणारा ताण तो सोसतो, लाकूड वा शिंग यांच्या मुठीत पाणी शिरू देत नाही आणि सुरीचा तोल हाताकडे आणतो. विळा किंवा कोयता यांच्या लाकडी मुठीच्या तोंडाशी लोहार जे लोखंडी कडे बसवितो, त्याचा हेतूही मुठीला चीर जाऊ न देणे हाच असतो. बोल्स्टर मात्र उपयोगाइतकाच शोभेचाही भाग आहे आणि त्यामुळे त्याच्या इतिहासात प्रामाणिक कारागिरी व नुसता देखावा यांची सरमिसळ सतत आढळते.

इतिहास : मध्ययुगीन यूरोपीय सुरीला आजच्या अर्थाने बोल्स्टर नव्हता. पात्याची निमुळती शेपटी मुठीत ठोकून बसवीत. चौदाव्या शतकात मुठीइतक्याच रुंद शेपटीवर दोन्ही बाजूंनी लाकडाच्या वा हाडाच्या चिपा रिव्हेटांनी बसविण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रूढ झाली. अशा सुऱ्यांत चिपांच्या पुढच्या टोकाला तांब्याच्या मिश्रधातूच्या लहान पट्ट्या डाखाने जोडलेल्या आढळतात. बोल्स्टरचे पूर्वरूप म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविता येईल. पात्याच्या धातूतूनच घडविलेला खरा बोल्स्टर सोळाव्या शतकात आला. ह्या काळातील लंडनमध्ये सुरी ही एका कारागिराची कृती नसे : पाते घडविणारा, मूठ बसविणारा व म्यान करणारा हे निरनिराळे असत आणि त्यांचे काम एकत्र आणून विकणारा चौथाच असे. लंडनच्या सुरीकारांच्या संघास १४१६ मध्ये राजाची सनद मिळाली. पाते व मूठ यांचा सांधा म्हणजे दोन व्यवसायांची शीव होती. सुरी निकामी झाली, तर ती बहुधा येथेच होई.

शेफील्ड हे सुऱ्यांचे गाव म्हणून चौदाव्या शतकाच्या अखेरीसच इतके प्रसिद्ध होते, की चॉसरने आपल्या एका कथेतील गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डची सुरी खोचलेली दाखविली आहे. १६२४ च्या कायद्याने तेथील सुरीकारांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला व धारेच्या हत्यारांची धार पोलादाचीच असली पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. पोलाद महाग होते. म्हणून धारेपुरते पोलाद घेऊन बोल्स्टर व शेपटी यांसाठी त्याला साधे घडीव लोखंड तापवून, ठोकून जोडीत. बोल्स्टरला साच्यात ठोकून आकार देत. घडविणारा व घणकरी यांच्या जोडीचे हे काम होते. लोखंड आणि पोलाद एकजीव झाले नाहीत, तर दोष झिलईखाली झाकला जाई व वापरात उघडा पडे. त्यामुळे बोल्स्टरजवळचा जोड पाहून सुरीची परीक्षा करणे अगदीच निराधार नव्हते. टेबलावरील सुरीच्या बाबतीत आणखी एक सोय होती : जाड बोल्स्टरमुळे खाली ठेवलेल्या सुरीचे पाते चादरीपासून वर राहते.

ह्याच धंद्यातून एक अनपेक्षित शोध निघाला. टॉमस बोल्सओव्हर हा शेफील्डचा सुरीकार १७४३ च्या सुमारास एका सुरीची मूठ दुरुस्त करीत असताना तांबे व चांदी उष्णतेने एकमेकांस घट्ट चिकटतात, हे त्याच्या ध्यानात आले, असे सांगितले जाते. शेफील्डच्या मुलाम्याच्या भांड्यांचा उद्योग त्यातूनच उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जर्मनीत तांबे, निकेल व जस्त यांची मिश्रधातू व्यापारी प्रमाणावर होऊ लागली. चांदीचा अंशही नसलेली ही ‘जर्मन सिल्व्हर’ शेफील्डने अमेरिकेत पाठविलेल्या बोवी सुऱ्यांच्या मुठींवर व बोल्स्टरवर भरपूर वापरली.

इराण व उत्तर हिंदुस्थानातील ‘कार्द’ आणि ‘पेशकब्ज’ ह्या शस्त्रांची परंपरा यापेक्षा वेगळी. त्यांत पाते, बोल्स्टर व शेपटी एकाच पोलादाची असून मुठीच्या दोन्ही बाजूंस हस्तिदंत किंवा तत्सम पदार्थाच्या चिपा रिव्हेटांनी बसवीत. बोल्स्टर व मुठीची कड यांवर सोन्याची कोफ्तगरी केलेली आढळते. येथे बोल्स्टर हा जोड झाकण्याचा उपाय नव्हता, कारण झाकण्याजोगा जोडच नव्हता.

पोलाद स्वस्त झाल्यावर लोखंडाचा जोड देण्याचे कारण संपले आणि वाफेचे व पडते घण आल्यावर एका ठोक्यात बोल्स्टरसह पाते घडू लागले. झोलिंगेन ह्या जर्मन शहराने ह्या पद्धतीत आघाडी घेतली. पुढे पत्र्यातून पाती कातरून काढण्यात आली. त्यांना बोल्स्टर नैसर्गिकरीत्या असूच शकत नाही. तरीही गिऱ्हाईक बोल्स्टर पाहून सुरी घेत असल्याने तो वेगळा चिकटविण्यात येऊ लागला. अमेरिकेतील अनेक सुऱ्यांना कथिलाच्या मऊ मिश्रधातूचा बोल्स्टर ओतलेला असे. याच देशात जॉन रसेल याच्या ग्रीन रिव्हर कारखान्याच्या (स्थापना १८३४) बोल्स्टर नसलेल्या साध्या सुऱ्या शिकारी व कसाई यांच्या हाती वर्षानुवर्षे टिकल्या. बोल्स्टर म्हणजे मजबुती, ह्या समजुतीला हे उत्तर पुरेसे आहे.

मागणीनुसार बनविलेल्या सुऱ्यांचा आधुनिक व्यवसाय प्रामुख्याने अमेरिकेत वाढला. फ्लॉरिडातील संत्र्यांचा बागायतदार बो रँडल याने एका माणसाला विल्यम स्कॅगेल ह्या कारागिराच्या सुरीने नावेचा रंग खरवडताना पाहिले. एवढ्या गैरवापरानंतरही सुरी धड राहिल्याचे पाहून तो १९३८ च्या सुमारास ह्या व्यवसायात शिरला. १९७० मध्ये सुरीकारांचा ‘नाइफमेकर्स गिल्ड’ हा संघ व १९७६ मध्ये पाती घडविणाऱ्यांची स्वतंत्र संस्था निघाली.

धातूची निवड : पितळ कापण्यास व घासण्यास सोपे, पण लवकर काळवंडते. जर्मन सिल्व्हरमध्ये (एका नेहमीच्या प्रकारात तांबे सु. ६५%, निकेल १८%, जस्त १७%) कोरीव काम सुरेख उठते, कालांतराने तिच्यावर किंचित पिवळसर छटा येते. अगंज पोलादांपैकी ‘४१६’ हा प्रकार गंधकामुळे सहज कातता येतो, मात्र त्याच गंधकाने त्याची गंजरोधकता थोडी घटते. बोल्स्टरसाठी तो पाणी न देताच वापरतात. निरनिराळ्या धातूंचे थर जोडून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी काढणारे जपानी मोकुमे काम हे सर्वांत देखणे व सर्वांत खर्चिक होय. निवड करताना रंगापेक्षा पात्याची जात पाहणे अधिक शहाणपणाचे. साध्या कार्बनी पोलादाला तांब्याची मिश्रधातू लागून असेल व मध्ये खारट ओल राहिली, तर दोहोंत विद्युत्‌घट तयार होऊन पोलादच आधी झिजते.

जोडण्याच्या पद्धतीत रिव्हेटांचा मान मोठा आहे. भोकाची तोंडे किंचित रुंद करून त्याच धातूची खीळ त्यांत ठोकून पसरवितात व नंतर घासतात. खीळ बोल्स्टरच्याच धातूची असेल, तर ती दिसेनाशी होते, अन्यथा वर्तुळाकार सावली कायम राहते. डाख देताना कथिल व चांदी यांचा नेहमीचा डाख २२१° से. ला वितळतो. पात्याच्या कठीणपणाला बाधा येऊ लागते त्या मर्यादेच्या हे तापमान इतके जवळ आहे, की थोड्या दुर्लक्षानेही धार मऊ पडते.

स्वयंपाकघरातील सुरीचा टाचेपर्यंत उतरलेला अखंड बोल्स्टर मात्र खरी अडचण करतो. सहाणेवर पाते झिजते, बोल्स्टर झिजत नाही. काही वर्षांनी टाच पुढे येऊन पाटावर फट राहते व भाजी अर्धवट चिरली जाते. मग कारागिराकडून बोल्स्टरच घासून घ्यावा लागतो. पुष्कळ उत्पादक आता तो टाचेपर्यंत न आणता अर्ध्यावरच थांबवितात.

निगा : वापरानंतर सुरी धुऊन लगेच कोरडी करावी, बोल्स्टर व चिपा यांमधील फटीत ओल राहू देऊ नये. लाकूड व हस्तिदंत हवेतील दमटपणाप्रमाणे फुगतात व आकसतात, त्यामुळे सुरुवातीला नखालाही न जाणवणारा सांधा कोरड्या हवेत उघडतो. डाखासाठी वापरलेल्या आम्लधर्मी द्रव्याचा अंश राहिल्यास सांध्यावर वारंवार गंज येतो. चामड्याच्या म्यानात सुरी दीर्घकाळ ठेवू नये : चामडे कमाविण्याच्या द्रव्यांमुळे पितळेवर हिरवा कळंक चढतो. अमोनियायुक्त झिलई पितळेला घातक आहे. ब्रिटिश लष्कराची हिंदुस्थानातील काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठविली असता त्यांची पितळी टरफले तडकत, आणि त्याचे कारण जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. ताण राहिलेल्या ठोकीव पितळी बोल्स्टरलाही तोच धोका असतो. संग्रहातील सुरीवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर द्यावा; ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेत १९५०–६० या दशकात सिद्ध झालेले असे मेण संग्रहालये वापरतात. कोरीव बोल्स्टर वारंवार घासल्यास रेषांच्या कडा बोथट होतात. जुन्या बोल्स्टरवरील काळसर पुट नितळ व घट्ट असेल, तर ते तसेच राहू द्यावे. हिरवी, भुसभुशीत पूड दिसली, तरच ती लाकडी काडीने हलके खरवडून काढावी.