तोफेच्या रिकाम्या पुंगळ्यांवरील नक्षीकाम : कालनिर्णयाचा विचार

पहिल्या महायुद्धांतील (१९१४-१९१८) तोफांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांवर नक्षी ठोकून केलेल्या फुलदाण्या युरोपांतील संग्रहालयांत व खासगी संग्रहांत पुष्कळ आढळतात. ‘खंदकांतील कला’ हें नांव त्यांस रूढ झालें आहे. बुडावर ठोकलेलें वर्ष तेंच वस्तूचें वर्ष, आणि वस्तु खंदकांत बसलेल्या शिपायाची करणी, असें संग्राहक सहज धरून चालतात. हीं दोन्ही अनुमानें तपासून घेणें अवश्य आहे.

प्रथम बुडावरील मजकूर घेऊं. फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेच्या पुंगळीवर व्यासाचा आंकडा, कारखान्याची खूण व वर्ष असतें. जर्मन पुंगळीवर कार्ल्सरूह, माग्देबुर्ग अशीं गांवें व बहुधा महिना आणि वर्ष. ब्रिटिश १८ पौंडी तोफेच्या पुंगळीवर सरकारी मालकीचा बाण. यावरून पुंगळी कोठें व केव्हां घडली इतकेंच सिद्ध होतें. उडालेल्या पुंगळ्या सरकारजमा करून त्यांत पुन्हा दारू भरीत. म्हणजे घडण, भरणी व नक्षी हे तीन काल निरनिराळे असूं शकतात. पोथ्या हाताळणारांस हा प्रकार नवा नाहीं. नकलकार मूळ पोथीची पुष्पिका शकासह उतरून ठेवतो. तो शक मुळाचा कीं नकलेचा हें कागद व अक्षरवळण पाहूनच ठरवावें लागतें. पुंगळीवरील वर्षाचेंही तसेंच. नक्षी त्यापूर्वींची असणें शक्य नाहीं. नंतरची मात्र कितीही वर्षांनंतरची असूं शकेल.

या नियमाचा उपयोग आपल्याकडेही होण्याजोगा आहे. कूत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यांत सहाव्या पुणें डिव्हिजनबरोबर १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील फौज शरण गेली. एखादी फुलदाणी कुतच्या वेढ्यांतील म्हणून दाखविली गेली व तिच्या बुडावर १९१७ साल निघालें, तर ती कथा तेथेंच निकालांत निघते. उलट, १९१५ साल निघालें म्हणून कथा सिद्ध झाली असें मात्र नव्हे.

आतां कर्त्यांविषयीं. याबाबत नक्षीची रीतच साक्ष देते. घडतांना कडक झालेलें पितळ तापवून मऊ करावें लागतें. मग पुंगळी चेपूं नये म्हणून आंत डांबर, शिसें किंवा वाळू भरून छिन्नीनें नक्षी ठोकावयाची. सोनार नक्षीखालीं राळ घेतो तें याच तत्त्वावर. पुंगळीच्या खालच्या भागास ज्या उभ्या चुण्या पाडलेल्या दिसतात, त्यांस भट्टी, पकड व सवड हीं तिन्ही लागतात. पुढच्या खंदकांत तीं कोठून मिळणार? म्हणून असलें काम बहुधा पिछाडीच्या कारखान्यांतील लोहारांचें, कारागीर पलटणींचें, युद्धकैद्यांचें किंवा निर्वासितांचें असावें. ब्रिटिशांच्या चिनी मजूरदलांत सुमारे ९५,००० माणसें होतीं. त्यांतील कित्येक १९१८ नंतरही रणभूमि साफ करण्यास राहिलीं. ड्रॅगन व आलुबुखाराचीं फुलें कोरलेल्या पुंगळ्या त्यांच्या हातच्या मानतात. पुढें ईप्रच्या परिसरांत परतलेल्या रहिवाशांनीं रणभूमि पाहण्यास येणाऱ्यांकरितां अशा वस्तु करून विकल्या. निकोलस सॉण्डर्स यांनीं २००३ सालच्या आपल्या ग्रंथांत शिपाई, नागरिक व विक्रेते यांचें काम वेगळें करून दाखविलें आहे. सर्वच काम शिपायाच्या नांवावर मांडल्यानें या इतर कर्त्यांचा हक्क बुडतो.

शेवटीं जतनाची गोष्ट. आपल्या घरीं पितळ चिंचेनें वा राखेनें लख्ख घांसण्याची रीत आहे. तिनें उथळ रेघा व बुडावरील अक्षरें झिजतात. अमोनियायुक्त पॉलिश तर याहून घातक. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांस पावसाळ्यांत चिरा पडत. धातूंत घडणीचा ताण उरलेला आणि तबेल्यांतील अमोनिया हवेंत मिसळलेला, या दोहोंच्या योगानें तें होई. १९२१ मध्यें मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं हा उलगडा केला. नक्षीकरितां ठोकलेल्या पुंगळींतही असा ताण उरलेला असूं शकतो.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, अशी वस्तु हातीं येतांच तिला घांसूं नये. आधीं बुडाचा कागदावर ठसा घ्यावा, वर्ष व खुणा जशाच्या तशा टिपाव्या, आणि वस्तूबरोबर आलेली हकीकत सांगणाराच्या नांवासह निराळी लिहून ठेवावी. पितळ उजळणें केव्हांही होईल. झिजलेलीं अक्षरें पुन्हा उमटत नाहींत.