जंजिऱ्याची अजिंक्यता : तट आणि रसद

मुरुडनजीक राजपुरी खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जंजिरा या जलदुर्गाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बहुतांश लेखन ‘अजिंक्य’ या एका विशेषणापाशी थांबते. हा दुर्ग का पडला नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ त्याच्या तटात शोधणे अपुरे आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

मूळ बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. तो निजामशाही सरदाराने कपटाने घेतल्याची परंपरा आहे. पुढे सोळाव्या शतकात दगडी दुर्ग उभा राहिला व सिद्दींच्या काळात त्यात भर पडत गेली. स्थापत्याचे मर्म जागेच्या वापरात आहे. तट बेटाच्या अगदी कडेवरून, जणू पाण्यातूनच वर चढतो. त्यामुळे हल्लेखोराला शिडी लावण्यापुरतीही भूमी उरत नाही. एकोणीस बुरुजांचा हा घेर सर्व दिशांना तोफांचा मारा करू शके. राजपुरीकडे तोंड असलेला महादरवाजा बुरुजांच्या आड असल्याने होडी अगदी निकट येईपर्यंत दृष्टीस पडत नाही. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. कलालबांगडी तोफ पाहण्यात रमलेल्यांचे तिकडे क्वचितच लक्ष जाते, हे खेदजनक होय. कारण वेढ्यात तोफेइतकेच पाणी महत्त्वाचे.

पाणी होते, परंतु धान्य किनाऱ्यावरून येई. शिवाजी महाराजांनी दंडा-राजपुरीचा मुलूख जिंकून नेमकी हीच नाडी धरली. १६७० च्या सुमारास सिद्दी फत्तेखान किल्ला देण्यास राजी झाला होता. म्हणजे तट अभंग असतानाच दुर्ग पडण्याच्या बेतात होता. सहकाऱ्यांनी त्याला कैद करून आदिलशाही सोडली व मोगलांची चाकरी पत्करली. यानंतर सुरतेचा पैसा आणि जहाजे सिद्दीच्या पाठीशी आली. पावसाळ्यात त्याचे आरमार मुंबई बंदरात आसरा घेऊ लागले. महाराजांनी कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला, तरी ही सागरी वाट पूर्णतः बंद झाली नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत सेतू बांधण्यास घेतला, तोही मोगल फौज कल्याणच्या बाजूने उतरल्यामुळे सोडावा लागला.

१७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सात यास ठार केले, ते रेवसच्या परिसरात, भूमीवरील लढाईत. त्यानंतरच्या तहात सिद्दीचा बराच मुलूख मराठ्यांकडे आला; बेट मात्र १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दींच्याच ताब्यात राहिले.