तोंडाने पाजायचं सलाईन



बाळाला जुलाब लागले की घरातली मोठी माणसं आधी पाणी बंद करायला सांगतात. वरून घातलं की खालून जातं, मग पाजायचं कशाला, असा त्यांचा हिशोब. ऐकायला तो पटतो. शिकलेल्या डॉक्टरांनीही कित्येक वर्षं जुलाबात पोटाला विश्रांती द्या असंच सांगितलं. हा हिशोब खोटा कसा ठरला आणि तो घराघरांतून कोणी पुसला, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आतडं फक्त अन्न जिरवत नाही. आपण पितो ते पाणी आणि शरीरातले पाचक रस मिळून रोज ८ ते ९ लिटर पातळ आतड्यात येतं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत अंगात ओढलं जातं. जुलाबात हे ओढणं कमी पडतं, उलट आतडंच पाणी सोडू लागतं. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषाने आतडं असं पाझरतं. म्हणजे जीव जातो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे. पुढे शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट कळली. साखर आणि मीठ जोडीने आत जाण्याची आतड्यात एक वाट असते, आणि ती जुलाबातही बंद पडत नाही. ही जोडी आत गेली की तिच्या मागोमाग पाणी जातं. नुसत्या पाण्याला ते जमत नाही.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आली. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. दवाखान्यात जागा नाही, लोक जमिनीवर पडलेले, आणि शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे डॉ. दिलीप महालनबीस होते. त्यांनी ठरवलं, आता तोंडानेच पाजायचं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. पाणी तोट्या लावलेल्या पिंपांत कालवलं आणि पेल्यांनी रोग्यांना पाजायचं काम त्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला ‘तोंडाने घ्यायचं सलाईन’ म्हटलं. आधी शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, त्यानंतर त्यांना पद्मविभूषण मिळालं. जिवंतपणी आपल्यातल्या किती जणींनी त्यांचं नाव ऐकलं होतं?

पण छावणीतलं औषध खेड्यातल्या चुलीपर्यंत जायचं कसं? आम्हा गटाच्या बायांना या गोष्टीचा हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो. बांगलादेशात फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक संस्थेने १९८० पासून दहा वर्षं गावोगाव बायका पाठवल्या. दवाखाना नाही, पाकीट नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. घरोघरी भांडी वेगळी, म्हणून त्या घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देत. आईला स्वतःच्या हाताने पाणी करायला लावत. महिनाभराने दुसरं कोणी येऊन त्याच आईला प्रश्न विचारी, तिने केलेलं पाणी तपासायला नेई. तिच्या लक्षात किती राहिलं यावर शिकवणारीचा पगार ठरे! नुसत्या हजेरीवर सह्या घेऊन निघून जाणाऱ्या आजच्या काही शिबिरांनी हे जरूर ऐकावं.

एवढं करूनही सुरुवातीला वापर फार कमी होता. चौकशी केली तेव्हा कळलं की शिकवणाऱ्या बायांचाच त्या पाण्यावर भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्याही गोळ्या घेत. मग त्यांना हे पाणी काम कसं करतं ते नीट समजावलं. पुरुषही बिथरले होते, आपल्याला न विचारता बायकांना काय शिकवता म्हणून. तेव्हा बाजारात, शाळेत, मशिदीत त्यांच्याशीही बोलणं सुरू केलं. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली.

आपल्याकडे याचंच नाव जलसंजीवनी. आशाताईंकडे पाकिटं असतात, सोबत झिंकच्या गोळ्या, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायच्या. तरी माणसं विचारतात, सलाईन कधी लावणार? पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण एक लिटरच पाणी घ्यायचं, पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट ओतायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, साखर ६ सपाट लहान चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते फेकून नवं करायचं. बाळाचं अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवायचं. डोळे खोल गेले, लघवी होत नाही, शौचातून रक्त पडतंय किंवा मूल पीतच नाही, तर घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला तांब्या आणि चमचा आणावा. लिटरचं माप आम्ही आणतो. कुणाच्या तांब्यात किती मावतं ते मोजून खूण करू, आणि पाणी करून सगळ्या जणी चाखू. सासूबाईंनाही बरोबर आणा.